खांद्याचं ऑपरेशन झालं, तरी हात आखडलेलाच आहे? रोज असं करा

टाके केव्हाच सुकलेले असतात, पण पाठीमागे हात नेऊन कपडा नीट करायला गेलं की खांदा अडतो आणि कळ येते. मग मनात येतं, ऑपरेशन फसलं की काय? बहुतेक वेळा तसं नसतं. फाटलेला स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) शिवला असेल, तर तो हाडाला पक्का धरायला साधारण 12 आठवडे लागतात. खांदा पूर्ववत व्हायला 6 महिने, कधी वर्षही लागतं. त्यात काही आठवडे हात झोळीत असतो, त्यामुळे सांध्याभोवतीचं आवरण आकसतं. मधुमेह असेल तर हा त्रास जास्त होतो.

1. आधी सर्जनला नेमकं विचारून घ्या: हात स्वतःच्या ताकदीने उचलायचा, की दुसऱ्या हाताच्या आधारानेच? याचं उत्तर मिळेपर्यंत खालचं काहीही सुरू करू नका. शिवण नवी असताना घाई महागात पडते.

2. व्यायामाआधी 10-15 मिनिटं टॉवेलमधून कोमट शेक घ्या. व्यायामानंतर ठणका लागला तर कापडात गुंडाळलेला बर्फ. वेदनाशामक गोळी लिहून दिली असेल, तर ती व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतलेली चालेल का, तेही विचारा.

3. चांगला हात टेबलावर टेकवून कमरेत वाका आणि दुखरा हात सैल लोंबू द्या. आता अंग हळूहळू झुलवा, हात आपोआप हलेल. बरेच जण इथेच चुकतात, ते हातच फिरवतात. खांदा कानाकडे चढलेला असेल तर स्नायू ताणलेले आहेत असं समजा. श्वास सोडा, खांदा खाली येऊ द्या, मग पुन्हा.

4. टेबलाशी बसून हाताखाली रुमाल ठेवा आणि तो पुढे सरकवा. ताण जाणवला की थांबा, दहा आकडे मोजा, मागे या.

हे दिवसातून 3-4 वेळा, पाच-पाच मिनिटं करा. एकदाच तासभर रेटण्यापेक्षा हे कितीतरी बरं. जोर लावून, दात-ओठ खाऊन केलेला व्यायाम खांद्याला मानवत नाही, हे मी अगदी कळकळीने सांगते.

किती दुखलेलं चालेल? ओढ लागणं ठीक. सुरी खुपसल्यासारखी कळ आली तर थांबायचं. व्यायामानंतरची दुखी तास-दोन तासांत ओसरायला हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा जास्तच ठणकत असेल, तर त्या दिवशी निम्मंच करा.

रात्र सगळ्यात अवघड. सपाट झोपल्यावर कोपर मागे पडतं आणि खांदा ओढला जातो. पाठीला उशा लावून अर्धवट टेकून झोपा, कोपराखाली एक घडी केलेली चादर ठेवा. कोपर छातीच्या पातळीला आलं की बराच आराम पडतो. सदरा घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी.

ताप, जखमेतून पू किंवा वाढती लाली, हाताला मुंग्या, किंवा 'कट्' आवाज होऊन हात अचानक उचलेनासा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात जा.

हात स्वतः उचलायची परवानगी मिळाली, की भिंतीवर बोटं चालवत वर न्या आणि जिथे थांबतील तिथे पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. पुढची खूण रोज नको, पंधरा दिवसांनी करा.