टेक्सासला नवीन आलात आणि घरात गन ठेवायचा विचार करताय? आधी हे वाचा

डॅलसच्या उत्तरेला, प्लेनो-फ्रिस्कोच्या पट्ट्यात मला आता अठरा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात नवीन फॅमिल्या येतात, अपार्टमेंट, ड्रायव्हिंग लायसन्स, शाळा, पोळ्या कुठे मिळतात हे सगळं विचारून होतं आणि मग दोन-तीन महिन्यांनी एखादा बाजूला घेऊन विचारतो, दादा, इथे सगळेच गन ठेवतात म्हणे, आपणही घ्यावी का? ऑफिसमधलं कोणीतरी त्याला म्हणालेलं असतं, बायको-मुलं दिवसभर घरी एकटी, ठेव एक ड्रॉवरमध्ये. मी स्वतः ठेवली होती, भरलेली, पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये, जवळजवळ वर्षभर. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी व्हिसा. तुम्ही एच-वन-बी, एच-फोर, एल-वन किंवा एफ-वन वर असाल तर हा विषय तुमच्यापुरता इथेच संपतो. फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावरच्या माणसाने बंदूकही बाळगायची नाही आणि गोळ्याही बाळगायच्या नाहीत. दुकानात जो फॉर्म ४४७३ भरून घेतात त्यात हे सरळ विचारलेलं असतं आणि तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. एक अपवाद आहे, राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असेल तर. लोक ऐकीव माहितीवर ते लायसन्स काढतात आणि बिनधास्त होतात, पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय कृपा करून त्या वाटेला जाऊ नका, कारण चुकलात तर १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर परत पाठवणी, म्हणजे इतक्या वर्षांची ग्रीन कार्डची रांग एका दिवसात पुसली जाते.

सिटिझन मित्राने स्वतःच्या नावावर घेऊन तुम्हाला दिली तर तुम्ही दोघंही अडकता. गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीत, खाजगी विकणारा काही तपासत नाही म्हणून घेतली तरी गुन्हा तो गुन्हाच. आणि हो, ऑफिसची टीम शूटिंग रेंजवर जाते तेव्हा तिथली भाड्याची बंदूक हातात धरणं हासुद्धा कायद्याच्या भाषेत ताबाच आहे. नवीन मुलं हौसेने फोटो काढून टाकतात, टाकू नका, मुळात धरूच नका.

ग्रीन कार्ड झालं की घेता येते. लायसन्सवाल्या दुकानातून हँडगन घ्यायची तर वय २१ पूर्ण हवं, तिथेच बॅकग्राउंड चेक होतो आणि टेक्सासमध्ये बऱ्याचदा अर्ध्या तासात पिशवी घेऊन बाहेर. मला ते फार विचित्र वाटलं होतं. आमच्या गावाकडे एका बागायतदारांकडे परवान्याचं पिस्तूल होतं, त्या परवान्यासाठी त्यांनी किती खेटे घातले ते आख्ख्या गावाला माहीत होतं आणि निवडणूक लागली की ते पोलीस ठाण्यात जमा करावं लागायचं. इथे उलटं, १७९१ पासून राज्यघटनेत हक्क आहे आणि २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेलर खटल्यात स्वच्छ सांगितलं की घरात स्वसंरक्षणासाठी हँडगन ठेवणं हा नागरिकाचा वैयक्तिक हक्क. पण राज्याराज्यात नियम खूप बदलतात. न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी वेगळं परमिट, इलिनॉयमध्ये फॉईड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र, कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबायचं, मॅसॅच्युसेट्समध्ये जवळ बाळगलेली नसेल तर कुलुपात हवीच. जॉब बदलून राज्य बदलणार असाल तर आधी तिथलं वाचा.

आता मी का घेतली ते. २०१५ च्या दिवाळीत आमच्या मागच्या गल्लीत आपल्याच एका कुटुंबाकडे चोरी झाली. सगळे कार्यक्रमाला गेलेले, मागचं दार फोडलं, टीव्ही-लॅपटॉपला हात नाही, फक्त सोनं. देसी घरांत सोनं असतं हे चोरांना चांगलं माहीत आहे, बऱ्याच राज्यांत पोलीस याबद्दल आपल्या लोकांना सावध करत असतात. आम्ही सगळे हादरलो. माझं ग्रीन कार्ड नुकतंच झालेलं, मुलगा पाच वर्षांचा, दोन आठवड्यांत नाईन एमएमचं पिस्तूल घेऊन आलो. दुकानातला म्हणाला, लोडेड नसेल तर ती नुसती वीट आहे, आणि मला पटलं. त्या घरात चोरी झाली तेव्हा घरी कोणीच नव्हतं, ड्रॉवरमध्ये पिस्तूल असतं तर चोरांनी तेही नेलं असतं, ही साधी गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आलीच नाही.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात सासू-सासरे आले. तिसरी रात्र. पावणेतीनला अलार्मच्या पॅनेलवर दार उघडल्याचं बीप वाजलं, खाली अंधार, कोणीतरी चालतंय. मी ड्रॉवर उघडला, पिस्तूल घेतलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन खाली रोखून उभा राहिलो. हाक मारायला हवी होती, बायकोला उठवायला हवं होतं, यातलं काही म्हणजे काही सुचलं नाही, कानात नुसते ठोके. सावली गॅरेजच्या दारातून आत आली आणि तेवढ्यात फ्रिजचं दार उघडलं, उजेड पडला, सासरे होते. जेट लॅगमुळे झोप येत नव्हती, कोणाची झोपमोड नको म्हणून दिवा न लावता गॅरेजमधल्या दुसऱ्या फ्रिजमधून दूध आणायला गेले होते. वर बघून म्हणाले, तुम्हीपण जागे का, चहा ठेवू? मी हात पाठीमागे धरलेला. हो म्हणालो. त्यांना हे आजही माहीत नाही.

म्हणून सांगतो, इथे आपल्या घरात रात्री-अपरात्री जो फिरत असतो तो बहुतेक वेळा आपलाच माणूस असतो. आई-वडील सहा महिने येऊन राहतात, पहिले दहा दिवस रात्रभर जागे. रूममेट नाईट शिफ्टवरून येतो. वयात आलेली मुलं गुपचूप उशिरा घरात शिरतात. आणि आई आली की पहिल्या आठवड्यात घरातली सगळी कपाटं-ड्रॉवर आवरायला काढते, मग काय सापडेल तिला? वर त्या दोघांचा व्हिजिटर व्हिसा, म्हणजे त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवणं कायद्यानेसुद्धा अडचणीचं. घरात एकाचं ग्रीन कार्ड आणि दुसरा अजून व्हिसावर असेल तर तेच, किल्ली किंवा कॉम्बिनेशन फक्त एकाकडेच हवं.

लोडेड म्हणजे काय हेही आपल्याला नीट माहीत नसतं, कारण आपण कोणी यात वाढलो नाही. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं होत नाही, एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात, राहिलेली असू शकते आणि कितीतरी अपघात नेमके असेच होतात. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाईड, मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचं, बोटानेही चाचपायचं. आजकालच्या बऱ्याच पिस्तुलांना बाहेरून सेफ्टीचा खटका नसतोच, ट्रिगर दाबला की सुटली. घरांच्या भिंती इथे ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या पातळ फळ्यांच्या, नाईन एमएमची गोळी दोन-तीन खोल्या सहज पार करते, पलीकडे मुलांची खोली असते. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळी माणसाकडे करायची नाही, निशाणा ठरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, निशाण्यामागे काय आहे ते बघायचं, हे चार नियम कोणताही इन्स्ट्रक्टर पहिल्या तासाला शिकवतो. मी तो तास घेण्याआधी वर्षभर भरलेलं पिस्तूल उशाशी घेऊन झोपत होतो.

ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप आहे, पूर्ण विचार केलाय आणि तरीही ठेवायचीच असेल तर पैसे आधी सेफवर खर्च करा. बालरोगतज्ज्ञांची इथली संघटना सांगते की मुलं असलेल्या घरात बंदूक नसणं सगळ्यात चांगलं, असेलच तर रिकामी, कुलुपात, आणि गोळ्या वेगळ्या कुलुपात. उंच कपाट हे कुलूप नव्हे. मुलांना माहीत नाही हा आपला समज असतो, दिवाळीच्या फराळाचे डबे आपण कुठेही लपवले तरी त्यांना सापडायचे ना? तसंच हे. ज्यांना झटकन हाताशी हवी असते ते बटणांची किंवा बोटाच्या ठशाची छोटी सेफ घेतात, ती तरी भिंतीला किंवा पलंगाला बोल्टने पक्की करा, नाहीतर चोर अख्खा डबा उचलून नेतो. केबल लॉक, म्हणजे बंदुकीतून ओवायचं तारेचं कुलूप, बऱ्याच पोलीस स्टेशनांत फुकट मिळतं. टेक्सासचा कायदाही बघून ठेवा, १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक तुमच्या निष्काळजीपणामुळे लागली तर गुन्हा मोठ्या माणसावर दाखल होतो, आणि भरलेली म्हणजे चेंबरमध्ये गोळी नसली आणि नुसती मॅगझिनमध्ये असली तरीही.

आता जी गोष्ट मंडळाच्या गप्पांत कोणी काढत नाही ती. या देशात २०२२ मध्ये बंदुकीने ४८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली सुमारे २७ हजार आत्महत्या. चोर-दरोडेखोर नाही, घरातलाच माणूस, स्वतःच्या हाताने. दुसऱ्या मार्गाने प्रयत्न केलेली बरीचशी माणसं वाचतात, बंदुकीने केलेल्या दहातली साधारण नऊ वाचत नाहीत. तो विचार पुष्कळदा थोडा वेळच टिकतो, तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. आपले लोक इथे किती एकटे असतात ते मी बघतो, ले-ऑफ झाला की एच-वनवाल्याच्या हातात ६० दिवस, घराचे हप्ते, गावी सांगायची सोय नाही. कॉलेजच्या ॲडमिशनच्या टेन्शनमधली मुलं. नवऱ्यामागून इथे आलेली बायको दिवसभर घरात, ओळख ना पाळख. घरात कोणी अशा दिवसांतून जात असेल तर बंदूक घरात नकोच, काही काळ तरी बाहेर ठेवायची, काही गन शॉप आणि पोलीस त्यासाठी सोय करतात, विचारा. आणि ९८८ हा आत्महत्येच्या विचारांत मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांनी फोनमध्ये ठेवा, चोवीस तास कोणीतरी बोलायला असतं.

मी २०१९ मध्ये माझं पिस्तूल लायसन्सवाल्या दुकानाला विकलं, मुलगा नऊ वर्षांचा झाला होता आणि त्याच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. सोन्याचं म्हणाल तर ते बँकेच्या लॉकरमध्ये गेलं, आणि जे रोज लागतं त्याची वेगळी नोंद इन्शुरन्सवाल्याकडे केली, कारण साध्या होम पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला दीड-दोन हजार डॉलरच्या आसपासचीच मर्यादा असते, हे पुष्कळांना चोरी झाल्यावर कळतं. मागच्या दाराच्या चौकटीला तीन इंची स्क्रू लावले, दिवे सेन्सरचे केले, सगळं मिळून पिस्तुलाच्या अर्ध्या किमतीत. रात्री आवाज आला तर सगळे एका खोलीत, दार लावायचं, ९११. फोनवर पहिल्यांदा पत्ता सांगायचा. इंग्रजीची भीती वाटली तर नुसतं हिंदी एवढं म्हणायचं, बऱ्याच ठिकाणी दुभाषा जोडून देतात. आई-बाबांना हे आल्या दिवशी शिकवा, पत्ता मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावा.

तुमच्याकडे गन नसली तरी शेजाऱ्याकडे असते, देशातल्या दहातल्या साधारण चार लोकांच्या घरात असते. इथली घरं सगळी सारखी दिसतात. १९९२ मध्ये लुझियानात बॅटन रूजला एक सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला जाताना चुकीच्या घरी गेला आणि घरमालकाने त्याला गोळी घातली, मुलगा गेला, मालक फौजदारी खटल्यातून सुटला. २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत भावंडांना आणायला गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलाने चुकीच्या घराची बेल वाजवली आणि त्याला दारातच गोळी लागली, नशिबाने वाचला. गणपतीच्या प्रसादाचे डबे घेऊन रात्री घरोघर जाताना आधी फोन करा, नंबर वाचा, मागच्या दाराने किंवा कुंपणावरून कधीच नाही. मुलं खेळायला पाठवताना समोरच्या आईला विचारा, तुमच्याकडे बंदूक आहे का आणि कुलुपात असते का. मला सुरुवातीला फार संकोच वाटायचा, शेंगदाण्याची ॲलर्जी सांगतो त्याच्याबरोबरच हे विचारायला लागलो आणि आजवर एकाही घरी कोणाला राग आला नाही.

आणि ज्यांचं ग्रीन कार्ड आहे, रेंजवर जातात, त्यांनी एक करा. रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. कप्प्यात राहिलेली एक जिवंत गोळी मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये सापडते आणि शस्त्र कायद्याखाली केस होते, चुकून राहिली हे कोर्टात सिद्ध करेपर्यंत सुट्टी संपते, पासपोर्ट अडकतो. रेंजची बॅग वेगळी घ्या, तिच्यावर मार्करने लिहून ठेवा आणि ती गॅरेजमध्येच राहू द्या.