टायरच्या कुंड्या: पाऊस लागण्यापूर्वी या चुका टाळा

टायरची कुंडी बहुधा दिवाळीच्या सुटीत तयार होते आणि तिची खरी परीक्षा जूनमध्ये होते. कोकणात आणि गोव्यात अंगणाच्या कडेने रंगवलेले टायर मांडून त्यांत सदाफुली, अबोली किंवा क्रोटन लावलेले आता सर्रास दिसते. पंक्चरवाल्याकडे निकामी टायर चहापाण्याच्या पैशांत मिळतो, फुटत नाही, उन्हात तडकून त्याचे तुकडेही पडत नाहीत. तरीही मे महिन्यापर्यंत देखण्या दिसणाऱ्या या कुंड्यांतली झाडे मृगाच्या पंधरवड्यात माना टाकतात, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि पडवीत दिवसाढवळ्या डास चावू लागतात. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच आहे. टायर हवा कोंडून ठेवण्यासाठी घडवलेली वस्तू आहे, आणि तिला कुंडी म्हणून वापरताना आपण तो आकार लक्षात घेत नाही.

मधोमध मोकळा, तरी पाणी साचते

आडवा ठेवलेला टायर वरून पाहिला तर आरपार रिकामा दिसतो, त्यामुळे पाण्याला वाट आहेच असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्याची खालची बाजू पन्हळीसारखी गोल फिरते. रिमवर बसणारी आतली कड थोडी वर राहते आणि ती कड व बाहेरची नक्षी यांच्यामधला फुगीर भाग सर्वांत खाली टेकतो. वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या किनारपट्टीवर ही पन्हळ जून ते सप्टेंबर रिकामी होतच नाही. माती भरलेली असेल तर तेथे मुळे कुजतात, आणि माती नसेल तर डासांची सोय होते.

यातील दुसरा प्रकार मी स्वतः करून बसलो आहे. मोटारीचा एक टायर छान निळा रंगवून मी त्याच्या मधोमध शेवंतीची मातीची कुंडी ठेवली होती, म्हणजे टायर केवळ शोभेचे कडे म्हणून वापरला होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पडवीत बसणे कठीण झाले. टाकीचे झाकण, नारळाच्या करवंट्या, कुंड्यांखालच्या ताटल्या सर्व तपासून झाल्यावर शेवटी टायरच्या पोकळीत वाटी घातली आणि ते पाणी पांढऱ्या बशीत ओतले. पृष्ठभागाला शेपटीने चिकटून, डोके खाली करून लोंबणाऱ्या पंधरावीस अळ्या होत्या. बशीवर हाताची सावली पडताच त्या सगळ्या वळवळत तळाशी गेल्या. कुंडी आणि टायर यांच्यामधली ती फट वरून पाहणाऱ्याला दिसतच नव्हती.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस जातीच्या डासाला टायर इतका मानवतो, यामागे कारणे आहेत. पोकळी अंधारी असते, पाणी हलत नाही आणि वाऱ्याने आत पडलेला पालापाचोळा अळ्यांना खाद्य पुरवतो. आशियातला पट्टेरी एडिस डास १९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे मोठ्या संख्येने आढळला, तेव्हा तो आशियातून आयात होणाऱ्या जुन्या टायरांमधून पोहोचल्याचा निष्कर्ष निघाला होता. मुंबईत महापालिका पावसाळ्याच्या तोंडावर छपरांवरचे आणि गॅरेजबाहेरचे टायर उचलत फिरते, तेही याच कारणाने.

पाणी ओतून दिले की काम झाले, ही यातलीच एक नेहमीची समजूत. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरड्यात काही महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. त्यानंतर उष्ण हवेत साधारण सात ते दहा दिवसांत डास उडतो. म्हणून पंक्चरवाल्याच्या दारात उघड्यावर पडलेला टायर घरी आणल्यावर, तो कितीही कोरडा दिसला तरी, आतून साबणचुऱ्याच्या पाण्याने आणि ताठ ब्रशने घासून घ्यावा. टायरमध्ये रिकामी पोकळी ठेवूच नये. नक्षीच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत मुठीने माती दाबून भरावी, कारण वरून ओतलेली माती तेथवर आपोआप पोहोचत नाही.

भोके पाडली, पण ती मिटली

पाणी जाण्यासाठी ड्रिलने भोके पाडणारे पुष्कळ आहेत, पण रबर लाकडासारखे वागत नाही. ड्रिल आत असताना ते ताणले जाते आणि बाहेर काढताच आखडते, त्यामुळे १० मिलिमीटरचे भोक प्रत्यक्षात पेन्सिल जेमतेम जाईल इतकेच उरते. पहिल्या पावसात माती त्यात बसते आणि ते बुजते. यावर सरळ उपाय म्हणजे भोकाऐवजी खिडकी कापणे. मोटारीच्या रेडियल (मापात ‘आर’ अक्षर असलेल्या) टायरच्या बाजूच्या भिंतीत सहसा कापडी धागे असतात, पोलादी तारा नसतात. त्यामुळे धारदार सुरीला साबणाचे पाणी लावत गेल्यास दोन बोटे लांब आणि एक बोट रुंद असा तुकडा निघतो. अशा सहा ते आठ खिडक्या, टायर जमिनीला टेकतो त्या सर्वांत खालच्या वर्तुळावर असाव्यात. आतल्या कडेजवळ कापल्या तर पाणी त्यांच्यापर्यंत चढेपर्यंत साचूनच राहते. खिडकीवर आतून नारळाच्या सोडणाचा, म्हणजे बाहेरच्या काथ्याच्या सालीचा, तुकडा ठेवावा म्हणजे माती वाहून जात नाही.

एवढे करूनही टायर फरशीवर सपाट ठेवला तर खिडक्या फरशीनेच बंद होतात, शिवाय फरशीवर काळा डाग पडतो. तीन विटांवर टायर उचलून ठेवल्यास पाणी निघते आणि खाली काय चालले आहे तेही दिसते. गच्चीवर ठेवण्यापूर्वी वजनाचाही विचार करावा. १६५/८० आर १४ या मापाचा, म्हणजे सुमारे ६२ सेंटिमीटर व्यासाचा टायर काठोकाठ भरला तर ओल्या मातीसह साठ किलोच्या आसपास जातो. असे दोन टायर एकावर एक रचून सज्जाच्या टोकाला ठेवणे मला तरी धाडसाचे वाटते. तेथे मातीऐवजी कोकोपीट आणि शेणखत यांचे हलके मिश्रण बरे. पागोळ्यांखाली तर टायर कधीच ठेवू नये; छपराच्या पन्हळीतून पडणारी धार चार दिवसांत मुळे उघडी पाडते.

चुकीचा टायर, चुकीची जागा

पाकळ्यांच्या आकाराची किंवा हंसासारखी कुंडी करण्यासाठी टायर कापून उलटा करावा लागतो आणि येथे हौशी माणसाचे हात सोलवटतात. रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी पट्टे असतात. तेथे सुरी चालत नाही, ग्राइंडर लावला तर ठिणग्या उडतात आणि जळक्या रबराचा धूर होतो, आणि कापलेल्या कडेतून बाहेर आलेली तार सुईसारखी टोचते. पुढे तीच तार गंजते आणि चिऱ्याच्या भिंतीवर तांबडे ओघळ उतरतात. ट्रकच्या रेडियल टायरच्या तर बाजूच्या भिंतीतही पोलाद असते, म्हणून तो कापण्याच्या भानगडीत पडू नये. पाकळ्यांसाठी नायलॉन धाग्याचा जुना स्कूटरचा टायर निवडावा. त्यात तार असते ती फक्त रिमवर बसणाऱ्या कडेत. ती कड आधी कापून वेगळी करावी, टायर तासभर उन्हात तापू द्यावा आणि मग दोघांनी मिळून उलटवावा. थंड टायर एकट्याने ओढत बसले की कंबर धरते, टायर मात्र उलटत नाही.

रंग का सुटतो

रबरात मेण आणि तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात आणि ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. चारचाकीच्या टायरवर भर म्हणून पॉलिशचे थर बसलेले असतात. या तेलकटपणावर थेट ऑइल पेंट लावला तर तो वाळून कडक होतो, रबर उन्हात फुगते, थंडाव्यात आखडते आणि पापुद्रे निघतात. उलटवलेल्या टायरची अडचण आणखी वेगळी असते. त्याची आतली बाजू बाहेर येते आणि कारखान्यात टायर आतून दाबणाऱ्या रबरी फुग्याला तो चिकटू नये म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश तिच्यावर शिल्लक असू शकतो. म्हणून साबणचुरा आणि तारेच्या ब्रशने दोनदा घासून, दोन दिवस पूर्ण वाळवून, मगच प्रायमर आणि त्यावर बाहेरच्या भिंतींसाठीच्या ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. जाड एक हात टिकत नाही. हे काम पावसाळी दमट हवेत करू नये. शुभ्र पांढरा रंगही टाळावा, कारण रबरातली द्रव्ये त्यातून झिरपून काही महिन्यांत पिवळट तपकिरी छटा आणतात. फिकट निळा, मातकट किंवा पिस्ता रंग हे डाग झाकतो.

रंगाचा प्रश्न केवळ शोभेचा नाही. न रंगवलेल्या काळ्या टायरला एप्रिलच्या दुपारी हात टेकवत नाही, आणि आतल्या बाजूला मुळे त्याच भिंतीला लागून असतात. माती ओली असूनही झाड दुपारी मलूल होते, घरची माणसे आणखी पाणी घालतात आणि मुळे भाजण्याऐवजी कुजून मरतात. अशा वेळी पश्चिमेकडच्या बाजूला टायरलगत मातीत बोट घालून पाहावे. ती कोमट नव्हे, तर गरम लागली तर पाणी वाढवू नये. टायर सावलीत सरकवावा किंवा आतून सोडणांचा थर देऊन मुळे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत.

खाण्याचे काही लावू नये

टायरमध्ये पुदिना, कोथिंबीर किंवा मिरची लावल्याची छायाचित्रे पुष्कळ फिरतात. मी ते करत नाही. रबर पक्के करताना झिंक ऑक्साइड वापरतात, काजळी आणि तेलांतून इतर नकोशी रसायनेही येतात, आणि ती पाण्याबरोबर थोडी थोडी सुटतात. जांभ्या दगडाची आपली माती आम्ल असते व आम्ल मातीत जस्त अधिक विरघळते. किती उतरते यावर वाद घालण्यापेक्षा टायर शोभेच्या झाडांसाठी ठेवलेला बरा. तुळसही त्यात लावू नये, कारण तिची पाने आपण काढ्यात घालतो. पावसाळ्यात निभावणाऱ्या झाडांत कर्दळ, कोलियस, सिंगोनियम आणि तेरडा चांगले. अ‍ॅडेनियमला मात्र पावसात छपराखाली घ्यावे.

गणपतीच्या सुमारास टायरमधली माती चार बोटे खचलेली असते. वरची कड पुन्हा पोकळ होते आणि तेथे पाणी धरते, म्हणून त्याच वेळी भर घालावी. भेगाळून रबराची भुकटी सुटू लागलेला टायर मात्र बदलावा. तो शेकोटीत जाळू नये, भंगारवाल्याला द्यावा, आणि देण्यापूर्वी माती काढून त्याच्या खिडक्या चिखलाने बुजलेल्या नाहीत ना हे पाहावे, कारण त्याच्याकडेही तो पुढचे काही आठवडे उघड्यावरच पडून राहणार असतो.