सूर्य झाकलेल्या दिवसाची शर्यत: बीर-बिलिंगच्या पहिल्या स्पर्धेआधी

कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडरने उडून थर्मलमध्ये, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेत, स्वतःच्या बळावर चढता यायला लागलं की बहुतेकांच्या मनात हिमाचलच्या कांगडा खोऱ्यातलं बीर-बिलिंग घुमू लागतं. २०१५ मध्ये तिथे पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप झाला, तेव्हापासून तर जास्तच. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या हंगामात एखाद्या छोट्या क्रॉस-कंट्री, म्हणजे उडत लांबचं अंतर कापण्याच्या, स्पर्धेत नाव द्यावं का, असं नवे पायलट विचारतात. त्यांना मी चांगल्या दिवसाच्या गोष्टी सांगत नाही, कारण चांगला दिवस आपलं शिकवणं आपणच करतो. वैतागाच्या दिवसाची तयारी मात्र कुणीच करून घेत नाही, आणि आठवडाभराच्या स्पर्धेत तसा एखादा दिवस हमखास वाट्याला येतो.

माझ्या वाट्याला आलेला असा. बिलिंगचं टेकऑफ सुमारे २४०० मीटरवर आहे आणि खाली बीरचं लँडिंग त्याहून हजारेक मीटर खाली. सकाळी ब्रीफिंगच्या वेळी धौलाधारची डोंगररांग स्वच्छ दिसत होती, पण फार वर पातळ पांढऱ्या ढगांची साय पसरू लागली होती. फलकावर टास्क, म्हणजे त्या दिवसाचा मार्ग, लागला: पश्चिमेला पालमपूरच्या पुढचा टर्नपॉइंट (जिथून वळायचं ती जागा), तिथून परत फिरायचं आणि गोल, म्हणजे शर्यतीचा शेवट, बीरला. सगळ्यांनी या जागांचे वेपॉइंट जीपीएस यंत्रात भरले. हवा तपासायला आधी सोडलेले पायलट पंधरा-वीस मिनिटांत सरळ बीरला जाऊन बसले. उतार तापतच नव्हता. विंडो, म्हणजे उडायला मोकळीक असलेली वेळ, पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली, मग टास्क छोटा केला. प्रत्येक बदलाबरोबर यंत्रातली माहिती नव्याने भरायची आणि शेजाऱ्याच्या यंत्राशी ताडून पाहायची.

या थांबण्यात माणूस थकतो. हार्नेस, म्हणजे पट्ट्यांचं आसन, अंगावर चढवून उन्हात उभं राहिलं की तासाभरात पाणी संपतं, आणि उडायच्या आधीच डोकं जड होतं. म्हणून विंडो उघडेपर्यंत हार्नेस काढून ठेवा, सावलीत बसा, काहीतरी खा. ‘चला एकदाचं’ म्हणून टेकऑफवरून सुटू नका. क्रॉस-कंट्रीत सगळ्यांची सुरुवात हवेतच होते. आधी उडायचं, उंची मिळवायची आणि ठरलेल्या घड्याळी वेळेला स्टार्ट सिलिंडरची, म्हणजे नकाशावर आखलेल्या सुरुवातीच्या वर्तुळाची, हद्द ओलांडायची. अर्धा तास आधी उडलात तर तो अर्धा तास तुम्हाला वर टिकायचंय, आणि कमकुवत हवेत तेच सर्वांत अवघड असतं.

आम्ही उडालो तेव्हा कड्यालगत एकच थर्मल चालू होतं, सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर चढवणारं. त्यात भली मोठी गॅगल, म्हणजे एकत्र घिरट्या घेणाऱ्या पायलटांचा थवा. वर विंग, खाली विंग, आणि सगळ्यांचे व्हेरिओ (चढण-उतरण आवाजाने सांगणारी यंत्रं) एकाच वेळी किणकिणत होते. पहिला पायलट ज्या दिशेला वळतो त्याच दिशेला सगळ्यांनी वळायचं, हा नियम कामशेतला पाठ केलेला असतो, पण त्याची किंमत अशा गर्दीत कळते. गर्दीत शिरताना बाहेरच्या बाजूने शिरा, आत चाललेल्याचा घेर कापू नका. चढण नाही म्हणून आत घुसण्याचा मोह होतो, तो आवरा.

मग सूर्य पुरता झाकला. थर्मल विझलं आणि गॅगल एकत्रच खाली येऊ लागली. एरवी आपल्याला थर्मल दाखवणारी हिमालयी गिधाडंही कड्यावर बसून होती. स्टार्टची वेळ झाली तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे पुढे सरकण्यापुरतीच उंची उरली होती. बिनवा नदीची दरी ओलांडली, पलीकडच्या उतारावर थोडं खेळलो, व्हेरिओ दोनदा बोलून गप्प झाला. मी जंगलाच्या उतारावरून बाहेर पडून बैजनाथच्या बाजूच्या मोकळ्या शेतांकडे वळलो आणि भातकापणी झालेल्या एका खाचरात उतरलो. वीसेक मिनिटांनी ऊन पडलं. जे उशिरा उडाले होते ते माझ्या डोक्यावरून आरामात पुढे गेले.

तो क्षण फार जड जातो, खोटं कशाला बोलायचं. पण ऊन पडण्याची वाट पाहत मी त्या उतारालाच चिकटून राहिलो असतो, तर पाइनच्या झाडांवर उतरावं लागलं असतं. नव्यांना माझं कळकळीचं सांगणं हेच आहे. वैतागात माणूस जमिनीजवळ आणखी एक घिरटी घेतो, आणि अपघात तिथेच घडतात. उतरायची जागा हाताशी असेपर्यंतच थर्मलची शोधाशोध. एका ठरावीक उंचीखाली आलं की स्पर्धा संपली, आता फक्त लँडिंग. ही उंची टेकऑफआधीच मनाशी ठरवा. कांगडा खोऱ्यात शेतं पायऱ्यांची आहेत आणि विजेच्या तारा कुठेही आडव्या येतात. तार दिसण्याआधी खांब दिसतो, म्हणून खांब शोधायचे.

उतरल्यावर विंग लगेच गोळा करून बाजूला घ्या. पसरलेली विंग पाहून वरचे पायलट तुम्हाला मदत हवी आहे असं समजतात. त्यानंतर आयोजकांना कळवा की मी सुखरूप आहे. हे राहिलं तर अंधार पडताना तुमच्या शोधाला माणसं निघतात. पॉवर बँक, पाणी आणि बसभाड्याचे सुटे पैसे हार्नेसमध्येच असू द्या. उतरलेल्यांना परत नेणारी रिट्रीव्हची गाडी येईपर्यंत बैजनाथहून एसटीसारखी सरकारी बस सापडते.

संध्याकाळी निकाल पाहताना गुणांचं गणित समजून घ्या. सर्वोत्तम दिवसाला विजेत्याला १००० गुण मिळू शकतात, पण प्रत्येक दिवस तेवढ्या मोलाचा नसतो. फार थोडं अंतर कापलं गेलं किंवा बरेच जण उडालेच नाहीत, तर सूत्र त्या दिवसाचं मोल खाली आणतं. गोलला कुणीच पोहोचलं नाही तर वेगाचे गुणही कुणाला मिळत नाहीत, मुख्यतः अंतराचेच हिशेबात येतात. त्या दिवशी गोल रिकामाच राहिला होता. माझ्या डोक्यावरून गेलेले पायलटही दहा-बारा किलोमीटर पुढे जाऊन उतरले, आणि गुणतक्त्यातली दरी मला शेतात बसून वाटली होती त्याच्या निम्मीही नव्हती.

झोपण्याआधी आपला ट्रॅकलॉग, म्हणजे यंत्राने नोंदवलेला उड्डाणाचा मार्ग, पुढे गेलेल्या दोघा-तिघांच्या ट्रॅकलॉगशेजारी उघडा. कोण कुठे किती थांबलं, ऊन परतलं तेव्हा कोण किती उंचीवर होतं, एवढंच पाहा. मग सकाळी नाश्त्याला त्यांच्यापैकी कुणालातरी गाठून सरळ विचारा की तिथे का थांबलात. बीरमधले अनुभवी पायलट मनापासून उत्तर देतात.