कार्ड पुसण्याआधी: व्यावसायिक छायाचित्रकाराने फोटो कसे सांभाळावेत

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका घरी चवथीची माटोळी टिपायला मी सलग तीन वर्षं जात होतो. गणपतीच्या वर छताला टांगलेली लाकडी चौकट आणि तिला बांधलेले सुपारीचे शिपटे, तोरंजन, कांगलां, घागऱ्या, चिबूड, नारळाची पेंड. घरातले आजोबा एकेक फळ दाखवून ते कुठल्या डोंगरावर मिळालं ते सांगायचे, मी वहीत लिहून घ्यायचो. त्यानंतरच्या जुलैत, भर पावसात, कपाटातली हार्ड डिस्क काढून लॅपटॉपला लावली. आतून टिक, टिक, टिक असा आवाज आला आणि मग काहीच नाही. प्लगच्या धातूवर हिरवट थर चढला होता. दुसरी प्रत नव्हती. पुढच्या चवथीला पुन्हा गेलो, तेव्हा आजोबा म्हणाले, "त्यातली दोन फळं यंदा मिळालीच नाहीत रे." वहीतली नावं माझ्याकडे अजून आहेत. फोटो नाहीत.

तेव्हापासून जी पद्धत पाळतो ती इथे क्रमाने लिहितो. लग्नं, जत्रा, शिगम्याचे चित्ररथ, हॉटेलांची कामं करणाऱ्या कुणालाही ती लागू पडेल. घरचे फोटो सांभाळणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी आहे. सगळ्याच्या मुळाशी एक सवय आहे: फोटो दोन ठिकाणी उतरवून तपासल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

१. किती जागा लागेल ते आधी मोजा

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, साधारण २५ ते ३० एमबीची असते. ४५ मेगापिक्सेलची ५० एमबीच्या आसपास जाते. फोंड्याकडच्या एखाद्या देवळाच्या सभागृहातलं लग्न, दोन कॅमेरे, ३,००० फोटो धरले तर ९० जीबी झाले. मोसमात अशी २५ लग्नं केली की सव्वादोन टीबी, तेही व्हिडिओ सोडून. आणि प्रती तीन ठेवायच्या म्हणजे पावणेसात टीबी. "माझ्याकडे ४ टीबीची डिस्क आहे, पुष्कळ झाली," म्हणणाऱ्या मित्रांना मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवतो. अल्बमच्या कागदाचा खर्च कोटेशनमध्ये धरता ना? डिस्कचाही धरा.

जागा वाचवायला रॉ सोडून जेपेगवर येऊ नका. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. आत मंडपातले पिवळे दिवे आणि दारातून येणारं दुपारचं ऊन एकाच फ्रेममध्ये आलं की हा फरक डोळ्यांना दिसतो. जागा वाचवायची तर नको असलेले फोटो काढून टाका.

२. कामाला निघण्याआधी

दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं एकमेकांशी जुळवा, सेकंदापर्यंत. हे विसरलं की मंगळसूत्र अंतरपाटाच्या आधी येतं आणि ३,००० फोटो हाताने लावत बसावं लागतं. परदेशातल्या कामावरून आला असाल तर टाइम झोन पाहून घ्या.

कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको. कॅमेरा स्वतःला हवी तशी फोल्डरांची रचना करून घेतो. कॅमेऱ्याला दोन स्लॉट असतील तर दुसरा स्लॉट बॅकअपला लावा, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिला जातो. दुसऱ्या स्लॉटवर फक्त व्हिडिओ घेणारे बरेच आहेत. पैसे घेऊन केलेल्या लग्नात मला ते पटत नाही.

कार्डांच्या पाकिटात माझा नियम सोपा आहे: कोरं कार्ड सुलटं, म्हणजे लेबल दिसेल असं, आणि वापरलेलं उपडं. अंधारात, हळदीच्या हातांनी, घाईत पाकीट उघडलं तरी चूक होत नाही. जागा कमी पडली म्हणून कार्यक्रम चालू असताना कॅमेऱ्यातून एकेक फोटो पुसत बसू नका. बोट घसरलं की नको तो जातो.

३. घरी आल्यावर, झोपण्याआधी

हा तास सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच टाळला जातो, कारण पाय दुखत असतात. मी आंघोळ करतो, कार्ड रीडर लावतो आणि कॉपी चालू करूनच जेवायला बसतो.

कार्डावरचं सगळं फोल्डर एकदा कामाच्या डिस्कवर आणि मग पुन्हा कार्डावरूनच दुसऱ्या डिस्कवर उतरवा. पहिल्या डिस्कवरून दुसरीवर नेऊ नका, कारण पहिल्या वेळी काही बिघडलं असेल तर तोच बिघाड दुसरीकडे जातो. "कट" करून "पेस्ट" कधीच नको. मध्येच वीज गेली तर फोटो ना इकडे ना तिकडे.

उतरवताना पडताळणी करणारं सॉफ्टवेअर वापरा. विंडोजवर टेराकॉपी हे काम करतं. ते प्रत्येक फाइलमधल्या आकड्यांवरून एक छोटी खूण काढतं, तिला चेकसम म्हणतात. मूळ फाइलची आणि प्रतीची खूण जुळली तर प्रत अस्सल. नुसती फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळला म्हणून खात्री बाळगू नका. आकार तोच असूनही आतून बिघडलेली फाइल मी पाहिली आहे: वरचा अर्धा फोटो ठीक, खाली नुसता करडा पट्टा.

मग सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे काही फोटो पूर्ण मोठे करून बघा. कार्ड तरीही लगेच पुसू नका. तिसरी प्रत घराबाहेर पोचेपर्यंत ते उपडंच राहू द्या.

४. नाव असं द्या की दहा वर्षांनी सापडेल

कॅमेऱ्याने दिलेला आकडा ९,९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणजे एकाच नावाच्या दोन फाइली कधीतरी समोरासमोर येणार आणि एक दुसरीवर बसणार. म्हणून उतरवतानाच नाव बदला: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग जागा, काम आणि क्रमांक. उदाहरणार्थ २०२५-०८-२७_सत्तरी_माटोळी_०००१. वर्ष आधी असल्यामुळे कॉम्प्युटर आपोआप तारखेप्रमाणे लावतो. प्रत्यक्षात हे नाव रोमन अक्षरांत लिहा. देवनागरी नावं आपल्या मशिनवर नीट दिसतात, पण एखाद्या लॅबच्या जुन्या मशिनवर त्यांचे चौकोन होतात.

फोल्डरही तसंच: वर्ष, त्यात काम, कामात रॉ, तयार फोटो आणि ग्राहकाला दिलेले फोटो, असे तीन भाग. याहून खोल गेलात तर कुणी पाळत नाही.

लाइटरूम किंवा फोटो लावायचं आणि सुधारायचं तसं सॉफ्टवेअर वापरत असाल तर फोटोंच्या आत तुमचं नाव, वर्ष, गाव आणि विषयाचे शब्द भरा. मी माटोळीच्या फोटोंना आता प्रत्येक फळाचं नाव देतो, ज्या गावात ज्या नावाने ओळखतात त्या नावाने. काही वर्षांनी "घागऱ्या" असं शोधलं की ते समोर येतात. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या: लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये फोटो नसतात. फोटो कुठे आहेत आणि त्यांच्यावर तुम्ही काय काम केलं, याची ती नोंदवही आहे. तिचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो आणि वेगळ्या डिस्कवर ठेवावा लागतो. नुसता कॅटलॉग सांभाळून निर्धास्त राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

५. तीन, दोन, एक

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम आज कॉम्प्युटरवाले सगळेच सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. माझी मांडणी अशी. चालू काम एसएसडीवर, म्हणजे आत फिरती तबकडी नसलेल्या वेगवान डिस्कवर. दुसरी प्रत घरातल्या मोठ्या हार्ड डिस्कवर, जी फक्त कॉपीच्या वेळी जोडतो. तिसरी मडगावला बहिणीच्या कपाटात. तिच्याकडे माझ्या दोन डिस्क आलटून पालटून राहतात. महिन्यातून एकदा ताईकडे जेवायला गेलो की नवी ठेवतो आणि जुनी घेऊन येतो. गाडीच्या डॅशबोर्डवर ती उन्हात ठेवू नका, हातातल्या पिशवीत घ्या. त्या डिस्कवर दुसऱ्यांच्या घरचे खासगी क्षण आहेत, म्हणून तिला पासवर्डचं कुलूप लावा आणि तो पासवर्ड कागदावर लिहून तिसऱ्या जागी ठेवा.

घरची डिस्क कायम जोडून का ठेवत नाही? खंडणी मागणारा व्हायरस आला तर जोडलेल्या सगळ्या डिस्कवरच्या फाइली कुलूपबंद करतो. काढून ठेवलेल्या डिस्कला तो हात लावू शकत नाही. याच कारणाने दोन डिस्कच्या रेडला, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणाऱ्या जोडणीला, बॅकअप म्हणू नका. एक डिस्क मेली तर रेड काम चालू ठेवतं, पण चुकून पुसलेला फोटो दोन्हींवरून एकाच क्षणी जातो.

प्रती जुळवायला फ्रीफाइलसिंक मोफत मिळतं. त्यातला "मिरर" पर्याय समजून घेतल्याशिवाय वापरू नका. मूळ जागी जे पुसलं ते तो प्रतीतूनही पुसतो. "अपडेट" फक्त नवं आणि बदललेलं घालतो. सुरुवातीला तोच बरा.

६. पावसाळा

आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना घाम येतो, चपलांवर बुरशी चढते. डिस्क आणि कार्डांचे धातूचे पाय त्याच हवेत असतात. कुणी नातलग पुण्याहून सल्ला देतो तेव्हा हे त्याच्या ध्यानात नसतं. हवाबंद झाकणाचा डबा घ्या, स्वयंपाकघरात डाळीला वापरतो तसा. त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओल भरली समजा. ते सौम्य आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. ऐपत असेल तर ड्राय कॅबिनेट घ्या आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. लेन्सनाही ती मानवते. केबलच्या टोकांकडे दर महिन्याला बोटभर अंतरावरून बघा. हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर ती केबल बदला. माझ्या डिस्कच्या प्लगवरचा थर एका दिवसात चढला नव्हता. मी पाहिलं नव्हतं.

पावसाच्या तोंडावर, आणि पुन्हा परतीच्या पावसात, गडगडाट सुरू झाला की कॉपी थांबवा आणि प्लग भिंतीतून काढा. इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही. यूपीएस वीज गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं देतो आणि तेवढ्यात डिस्क नीट बंद करता येते. विजेच्या लोळापुढे त्याचा भरवसा धरू नका.

७. क्लाउड

अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर ९० जीबीच्या एका लग्नाला दहा तास लागतात. रात्री लावून झोपता येतं, पण आतल्या गावात लाइन मध्येच तुटते. म्हणून मी क्लाउडवर सगळ्या रॉ फाइली ठेवत नाही. निवडलेल्या रॉ, तयार जेपेग आणि लाइटरूमचा कॅटलॉग ठेवतो. सिंक आणि बॅकअप यांतला फरक लक्षात घ्या: सिंक केलेल्या फोल्डरमधून पुसलं की क्लाउडवरूनही जातं. गुगल फोटोजमध्ये "स्टोरेज सेव्हर" निवडलं असेल तर १६ मेगापिक्सेलहून मोठे फोटो लहान होतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोला प्रत समजू नका.

ग्राहकाला किती काळ फोटो जपून ठेवणार ते करारात लिहा. मी एक वर्ष लिहितो, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त काळ ठेवतो.

८. काही बिघडलंच तर

कार्डावर फोटो दिसेनासे झाले किंवा चुकून फॉरमॅट झालं तर तिथेच थांबा. त्यावर एकही नवा फोटो घेऊ नका. साध्या फॉरमॅटमध्ये बहुधा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते आणि फोटो जागेवरच असतात. फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर ते शोधून काढतं. सापडलेले फोटो दुसऱ्याच डिस्कवर उतरवा. एसएसडीवरून पुसलेलं मात्र असं सहसा परत मिळत नाही.

हार्ड डिस्क टिकटिक करू लागली तर लगेच वीज काढा. पुन्हा पुन्हा लावून बघायची इच्छा होते, मी तेच केलं आणि उरलंसुरलं घालवलं. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय कुणी सांगेल तर ऐकू नका, आपल्या हवेत बाहेर काढताच आत पाणी धरतं. तशीच दुरुस्तीच्या प्रयोगशाळेत पाठवा.

९. पावसाआधीची तपासणी

३१ मार्च जगभर बॅकअप दिन म्हणून पाळतात. गोव्यात मला मे महिन्याचा शेवटचा आठवडा अधिक सोयीचा वाटतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरने प्रत्येक डिस्कची तब्येत बघतो. पाच वर्षं झालेली डिस्क ठीक दिसली तरी मुख्य कामातून काढतो. वर्षभर पडून असलेल्या डिस्क जोडून चालवतो. मग ताईकडून आणलेल्या डिस्कवरचे कुठलेही दहा फोटो निवडून, दुसऱ्याच लॅपटॉपवर, पूर्ण मोठे करून उघडतो.

गेल्या मेमध्ये सातवा फोटो उघडला नाही. डिचोलीच्या घोडेमोडणी या लोकनृत्यातला होता, फाइल अर्धवट उतरली होती. घरच्या प्रतीतून तो परत आणायला पाच मिनिटं लागली. मग ते सगळं फोल्डर पडताळून पाहिलं, तर आणखी चार फाइली तशाच निघाल्या. त्याही त्याच संध्याकाळी बदलल्या.