हनोईत एक दिवस मोकळा असेल तर थाय पॅगोडा आणि दुओंग लाम गाव असं करा

आपल्याकडं संभाजीनगर, लातूर, नांदेडहून व्हिएतनामला ग्रुप जायलेत, त्यांच्या पॅकेजमधी हनोई, हालोंग बे, दा नांग ठरलेलं असतंय आणि हनोईत बहुतेक एक दिवस मोकळा सुटतो. तो बाजारात घालवू नका.

हॉटेलवाले पहिलं नाव परफ्युम पॅगोडाचं घेतात. जागा भारी आहे, पण हनोईपासून साधारण 60 किमी, मग तासभर होडी, मग डोंगर चढा नाहीतर केबल कार, म्हणजे दिवस त्यातच संपला, गाव राहिलंच. दोन्ही पाहिजे असेल तर पश्चिमेचा रस्ता धरा, आधी थाय पॅगोडा (20-25 किमी) आणि तसंच पुढं सोन ताय शहराजवळ दुओंग लाम गाव. चौघं-पाचजण असाल तर गाइडसकट वेगळी गाडीच करा.

बुकिंगच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या: तिकिटं धरून आहे का, जेवण धरून आहे का, आणि वाटेत दुकानं किती. हे तिसरं लई महत्त्वाचं, कारण रेशीम नाहीतर लाखकामाच्या शोरूममधी अर्धा-पाऊण तास सहज जातो. गावात दोन तास तरी पाहिजेत हे आधीच सांगून टाका.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे घाला. पॅगोडात मधल्या दारानं शिरायचं नाही, बाजूच्या दारानं जायचं आणि उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, आपल्या घरात आजी जे सांगती तेच. आत गेल्यावर मात्र आपल्या विहारात एक बुद्धमूर्ती आणि बाजूला बाबासाहेबांचा फोटो बघायची सवय असलेला माणूस जरा गोंधळतो, कारण इथला पंथ महायान, मूर्तींची रांगच्या रांग, समोर फळं, बिस्किटाचे पुडे, उदबत्त्या. त्यातली क्वान आम म्हणजे अवलोकितेश्वर बोधिसत्त्वच, फक्त बाईच्या रूपात. अजिंठ्याला 1 नंबरच्या लेणीतला पद्मपाणी बघितला असेल तर तोच इथं असा झालाय, हे डोक्यात ठेवून बघा, मजा येती. थाय पॅगोडात तू दाओ हान्ह नावाच्या भिक्खूलाही पूजतात, तो पुढच्या जन्मी राजा झाला अशी तिथली समजूत, आणि पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ त्यानंच सुरू केला म्हणतात. समोरच्या तळ्यात त्या खेळासाठीचा मंडप अजून उभा आहे. मागं डोंगर आहे, गुडघे ठीक असतील तर चढा, नाहीतर सोडा.

दुओंग लामला मोंग फू नावाची गावची वेस आहे, तिथं गाडीतून उतरा आणि सायकल भाड्यानं घ्या, नाहीतर चाला. घरं जांभ्या दगडाची, अंगणात तुओंग म्हणजे सोयाबीनची आंबवलेली चटणी मुरत घातलेले मोठे रांजण. आपल्या लातूर-धाराशिवकडं सोयाबीन पिकतं ते तेलाला जातं, इथं त्याचं हे असं तोंडीलावणं करतात, तर शेतकरी माणसानं झाकण उघडून दाखवा म्हणायलाच पाहिजे. लोक त्याच घरात राहतात, म्हणून विचारल्याशिवाय आत शिरू नका, चहा दिला तर प्या आणि चे लाम म्हणजे तांदळाच्या पिठाची गोड वडी नाहीतर काहीतरी विकत घ्या. 938 साली बाक दांग नदीवर चिनी आरमार बुडवणारा न्गो क्वेन याच गावचा, त्याचं देऊळ आहे. गावातला मिया पॅगोडा चुकवू नका, 287 मूर्ती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मातीच्या.

जेवणात डुक्कर, कोंबडी आणि माशाचा सॉस, तो तर भाजीतही घालतात. व्हेज असाल तर बुकिंगलाच कळवा आणि तिथं "अन चाय" म्हणा, मग भात, टोफू, पालेभाजी, शेंगदाणे मिळतात. तरीबी पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या.

सीझन ऑक्टोबर-नोव्हेंबरचा चांगला. जून ते ऑगस्ट घाम आणि पाऊस, आणि तेतच्या म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाच्या दिवसांत दुकानं बंद नि देवळात रेटारेटी. पैसे सुटे ठेवा, 20 हजार आणि 5 लाख डोंगच्या नोटा दोन्ही निळसर आहेत, देताना शून्य मोजूनच द्या. परतताना संध्याकाळी हनोईत ट्रॅफिक बेकार असतंय, म्हणून गावातून चारच्या आसपास निघा.