ओंकारेश्वरला निघताय? आधी बाइकची चेन बघा

इंदूरहून सिमरोल ओलांडलं की भेरूघाट लागतो. तिथे सैल चेन स्प्रॉकेटवरून (दातेरी चक्रावरून) उतरली तर मागचं चाकच जाम होऊ शकतं.

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चाक हातानेच फिरवा. चालू इंजिनवर चेन पुसताना बोटं जातात. माळव्याची काळी माती पावसात कड्यांत घट्ट बसते, ती रॉकेल आणि मऊ ब्रशने काढा. ओ-रिंगच्या (कड्यांत बारीक रबरी रिंगा असलेल्या) चेनला पेट्रोल किंवा तारेचा ब्रश नकोच, रबर खराब होतं. कोरडी झाली की आतल्या बाजूने ९० नंबरचं गिअर ऑइल सोडा, जास्तीचं पुसा. दर ५०० किमीला, आणि भिजली की त्याच दिवशी.

ढिलाई, म्हणजे चेन वर-खाली किती हलते ते, तिच्या सर्वांत ताठ जागी मोजा. बऱ्याच ३५० सीसी गाड्यांना २५ ते ३० मिमी चालते, पण आकडा मॅन्युअलमधलाच धरा. चेन ताणताना मागच्या चाकाचा अॅक्सल नट सैल करून चाकाच्या दोन्हीकडच्या अॅडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा. फार ताणलीत तर गिअरबॉक्सचं बेअरिंग बसतं.

ग्रुपचं टूलकिट शेवटच्या गाडीकडे, चेन लॉक (चेनची टोकं जोडणारी कडी) मात्र ज्याच्या त्याच्या मापाचं. कुणी अडकलं तर वळणावर थांबू नका. एकाने मागे जाऊन ट्रकना हात दाखवावा, दोघांनी काम करावं, बाकीच्यांनी पुढच्या ढाब्यावर थांबावं.