परसात पर्गोला करताय? या चुका टाळा, आमच्या सगळ्या करून झाल्यात

आमच्या कोल्हापुरातल्या घराच्या परसात पर्गोला, म्हणजे खांबांवर पट्ट्या टाकलेला उघडा मांडव, उभा राहिला तेव्हा जो येईल तो मान वर करून बघायचा, "नाद खुळा झालंय" म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा. खाली वाकून कुणी बघितलं नाही, मी पण नाही. तिसरा पावसाळा संपला आणि एका खांबाच्या बुडाशी रंग जरा फुगलेला दिसला म्हणून स्क्रूड्रायव्हर टेकवला, नुसता टेकवला बरं का, तर पापुद्रा फुटून स्क्रूड्रायव्हर दोन बोटं आत. पाइप नव्हताच तिथं, नारिंगी भुगा होता. वरनं खांब चकाचक.

झालं असं की वेल्डरनं खड्ड्यात पाइप तसाच उभा केला, भोवतीनं काँक्रीट ओतलं आणि ते जमिनीच्या लेव्हलला थांबवलं. मग वर माती आली, कुंड्यांचं पाणी आलं, पालापाचोळा आला. लोखंड खोल जमिनीत एवढं सडत नाही, हवा आणि ओल दोन्ही जिथं मिळतात तिथं सडतं, म्हणजे बरोबर जमिनीच्या रेषेवर, आणि आपल्याकडं जूनला सुरू झालं की सप्टेंबरपर्यंत ती रेषा वाळतच नाही. म्हणून काँक्रीट जमिनीच्या वर ४ ते ६ इंच काढून घ्या, त्याच्या डोक्याला बाहेरच्या बाजूनं उतार द्या, वर बेसप्लेट (खांबाच्या बुडाला वेल्ड केलेली जाड लोखंडी प्लेट) आणि ती काँक्रीटला धरून ठेवणारे अँकर बोल्ट. खांबाचं वरचं तोंड पण प्लेट मारून बंद करायला लावा, नाहीतर पाणी वरनं शिरतंय आणि पाइप आतनं खातंय, ते दिसत पण नाही. लाकूड वापरणार असाल तर हाच नियम दुप्पट कडक, सागवान असलं तरी मातीत पुरू नका, वाळवीला काय, आयतं जेवण.

खड्डा किती, यावर मिस्त्री "दीड फूट बास" म्हणणारच. नदीकडच्या भागात काळी माती असेल तर ऐकू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाला हलवत राहते. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, दोन-अडीच फूट गेलं तर गेलं. आणि शहाबादी फरशीवर नुसती बेसप्लेट ठेवून फास्टनर मारायचा शॉर्टकट तर अजिबात नको. शेजारच्या काकांनी तसंच केलं होतं, वर हिरवी नेट ताणून बांधली, एप्रिलात वळीव आला, नेटनं शिडासारखा वारा धरला आणि एका बाजूचे दोन्ही खांब फरशीसकट उचलले. काकू आत कुरडया काढत होत्या म्हणून बरं.

पाइपच्या जाडीत तर सर्रास फसवणूक होते. उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागात, कुठल्याही शॉपमध्ये गेलात तर 'दोन बाय दोन'चा रेट सांगतील, जाडी आपण विचारायची. दोन बाय दोनची २० फुटी लेंग्थ २ एमएमची असेल तर साधारण १८ किलो भरते, १.२ एमएमची ११ किलोच्या आसपास. उचलून बघितलं तरी फरक कळतो, आणि वजनकाटा असतोच की तिथं. गॅल्व्हनाइज्ड घेतलात तरी वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, तिथं झिंकचा प्रायमर मारून घ्या, नाहीतर गंज तिथनंच सुरू.

आता सावली. माझी सगळ्यात मोठी चूक हीच, मोबाइलवरचा फोटो दाखवून "असाच पाहिजे" म्हणालो. फोटोतल्या उभ्या, म्हणजे कडेवर उभ्या केलेल्या, पट्ट्या दिसायला भारी, पण कोल्हापुरात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, आणि उभ्या पट्टीची सावली तेव्हा पट्टीच्या जाडीएवढीच. दुपारी बारा-साडेबाराला खाली बसलो तर ताटावर उन्हाचे पट्टे, आई म्हणाली, "एवढे पैसे घालून उन्हाला चौकट केलीस व्हय रे?" उभ्या पट्ट्या संध्याकाळच्या तिरक्या उन्हाला उपयोगी पडतात, त्या पण दक्षिणोत्तर टाकल्या तर. दुपारची सावली पाहिजे असेल तर पट्ट्या आडव्या, रुंद आणि जवळ जवळ, किंवा मग वेल. एकदा मे महिन्यात चार बांबू आणि जुनी साडी बांधून दिवसभर सावली कुठं फिरते ते बघा, फुकट आहे.

वेल सोडणार असाल तर वजन धरा. दोन वर्षांची मधुमालती पावसानं भिजली की मधल्या आडव्या पाइपला पोट येतं.

आणि मग पावसात बसता येत नाही म्हणून पॉलिकार्बोनेट शीट (आतनं पोकळ नळ्या असलेली उजेड येऊ देणारी प्लास्टिकची शीट) टाकायची इच्छा होतेच. टाका, पण १० फुटाला निदान १० इंच उतार, शीटच्या आतल्या नळ्या उताराच्या दिशेनं, आणि ज्या बाजूच्या फिल्मवर यूव्ही छापलंय ती वर. आमच्याकडं उलटी बसवली, लवकरच पिवळी पडली. स्क्रूची भोकं जरा मोठी पाडायची, कारण ३ मीटरची शीट थंडीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ७-८ मिलिमीटर वाढते, जागा नसली की स्क्रूपाशी तडकते. पाणी पन्हळीनं आपल्याच हद्दीत उतरवा, शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडलं की भांडण ठरलेलं. छप्पर आलं की प्रकरण परवानगीचं पण होऊ शकतं, तेवढं महापालिकेच्या नगररचना विभागात आधी विचारून घ्या.

ज्यांचा आधीच उभा आहे त्यांनी मे संपायच्या आत खांबाच्या बुडाची माती हातानं बाजूला करावी आणि स्क्रूड्रायव्हरनं टकटक करावं. आवाज खणखणीत आला तर घासून प्रायमर आणि रंग, बास. भद आवाज आला किंवा टोक आत गेलं तर वरनं पुटी भरून रंगवू नका, आधी वरच्या बीमला जॅक किंवा भक्कम टेकू द्या, सडलेलं फूटभर कापा, खाली काँक्रीटचा ठोकळा वर काढून त्यावर बेसप्लेट बसवा. आमच्या चारपैकी तीन खांबांचं असं झालं, चौथा धडका राहिला, कारण तिथं आईची तुळस असल्यामुळं गवंड्यानं आधीच कट्टा उंच बांधला होता.